राहेलमावशीची खुर्ची

राहेलमावशी डोक्यावर खुर्ची घेऊन चालायची.

पाण्याची घागर नव्हे, सरपणाची मोळी नव्हे. खुर्ची. चांगली हातांची, सागवानी, पाठीला वेताची जाळी विणलेली. चारी पाय आभाळाकडे करून ती खुर्ची डोक्यावर घ्यायची, खाली चुंबळ नीट बसवायची आणि परभणीच्या कडेच्या आमच्या वस्तीतून रेल्वे फाटकाकडे निघायची. थोडं अंतर ठेवून मागून आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक शामुवेलसाहेब यायचे. बगलेत बायबल, हातात छत्री आणि मान खाली घातलेली. फाटकवाला गमतीने विचारायचा, "काय मावशी, आज दरबार कुठं भरायलाय?"

"तुला काय करायचंय? तू फाटक उघड," मावशी म्हणायची. डोक्यावर खुर्ची असताना मान हलवता येत नाही, म्हणून तिचं सगळं भांडण समोर बघूनच चालायचं.

मी तिचा शेजारी. भिंतीला भिंत लागून. सरकारी शाळेत मास्तर होतो आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचो. मी मूळचाच तापट माणूस आहे, हे माझी बायको कुणालाही न विचारता सांगते. पण मावशीपुढे मी म्हणजे थंड ताक. पहाटे ती चुलीशी बोलायला लागली की मला घड्याळाची गरज उरत नसे. चुलीवरचा तिचा राग उतरला की मग तो आमच्या मंडळीवर निघे. आणि खरं सांगतो, आमची मंडळी त्याच लायकीची होती.

खुर्चीची भानगड सांगायची तर जरा मागं जावं लागेल. निजामाच्या काळात आमच्या वस्तीवर मिशनचा गोरा साहेब यायचा. तो येणार म्हटलं की आदल्या दिवशी अंगणं सारवली जायची, कुत्री बांधली जायची, रडकी पोरं आजोळी पाठवली जायची. साहेब दिसला की सगळे उभे. खाटेवरचा आजारीसुद्धा कोपरावर उठायचा. स्टेशनमास्तरांकडून खुर्ची मागून आणायचे, तिच्यावर धुतलेलं लुगडं अंथरायचे आणि साहेबापुढे उकडलेली अंडी ठेवायचे. साहेबाला अंडी मुळीच आवडत नसत. राहेलमावशीला ते माहीत होतं, कारण ती बंगल्यावर साहेबाच्या मुलांची आया होती. पण तिला कुणी कधी विचारलं नाही.

मग निजामाचं राज्य गेलं. शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली. साहेब हैद्राबादला राहायला गेला, बंगल्याला कुलूप लागलं आणि आमच्या मंडळीला आपला माणूस पाळक म्हणून मिळाला. शामुवेलसाहेब. पालमकडचे, सावळे, शिडशिडीत, आवाजाने मऊ, लग्न न झालेले. रीतसर शिकून, दीक्षा घेऊन आलेले. आता आपलं राज्य आलं, आपला पाळक आला, तर माणसांनी काय करावं? पायघड्या नकोत, निदान बाजेवरचे पाय तरी खाली घ्यावेत! कशाचं काय. "ये शामू, टेक त्या पोत्यावर," एवढ्यावर स्वागत संपायचं. प्रार्थनेला बोलावून घरधनी स्वतः बाजेवर आडवा पडलेला असायचा आणि डोळे मिटायला सांगितले की घोरायला लागायचा.

कारण काय? तर त्याचा बाप यांना माहीत होता. "आरं, ह्याचा बाप पालमाकडनं येऊन आमच्यासंगं मोट हाकायचा!" असं हसून सांगायचे. बाप मोट हाकायचा म्हणून लेकाच्या हातची प्रभुभोजनाची भाकर खारट लागते की काय? गोऱ्यासाठी स्टेशनपर्यंत धावणारी ही माणसं. आपल्या माणसासाठी पोतं झटकणंही त्यांना जड जायचं. हे लिहितानासुद्धा माझं डोकं तापतं.

मावशीचं डोकं आधीच तापलेलं होतं. बंगला रिकामा होताना मडमबाई नोकरांना म्हणाल्या होत्या, जे हवं ते न्या. खानसाम्याने भांडी नेली, माळ्याने कंदील नेले, मावशीने खुर्ची नेली. सगळे हसले.

"तू बसनार व्हय खुर्चीत?"

"मी कामून बसू? आता आपला पाळक येनार हाय न्हवं. त्याला काय तुमच्या डोक्यावर बसवू?"

तेव्हापासून शामुवेलसाहेब जिथं जातील तिथं त्यांच्या आधी खुर्ची पोचायची. ज्या घरी प्रार्थना, त्या घरात मावशी सकाळीच शिरायची, पोतं पायाने बाजूला सारायची, खुर्ची मांडायची आणि घरधन्याला बाजेवरून उठवायची. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "उठा की! मुळं फुटली का?"

हे वाक्य ती चर्चमध्येही म्हणायची. पाळक बाजूच्या दाराने आत आले की मागच्या बाकावरून तोफ सुटायची, "उठा की! मुळं फुटली का?" आणि पेटीवर माझं बोट भलत्याच पट्टीवर पडायचं. एकदा पाथरीचा एक कापसाचा दलाल कुणाला तरी शोधत आला आणि जरा सावलीत म्हणून मागच्या बाकावर टेकला. मावशीने त्याला उभं केलं. पुन्हा बस म्हणायला मात्र ती विसरली. तो बिचारा आमची हीच रीत असावी असं समजून उपदेश संपेपर्यंत हात जोडून उभा राहिला. जाताना मला म्हणाला, "लय कडक धरम हाय वो तुमचा."

कुणी काही बोललं की तिचं दुसरं वाक्य तयार असे. "पाळक हायेत ते, सालगडी न्हाईत! अदब न्हाई तुमाला, अदब!" अदब हा शब्द ती असा उच्चारायची की ऐकणाऱ्याचा हात आपोआप टोपीकडे जायचा.

इथपर्यंत मी मावशीच्या बाजूचा. पण या बाईला थांबायचं कुठं ते कळत नसे. पाळकांनी आडावर पाणी शेंदायचं नाही. बाजारातून भाजीची पिशवी आणायची नाही. सायकलची साखळी पडली तर काळे हात करायचे नाहीत, तिथंच उभं राहून हाक मारायची. एका संध्याकाळी शामुवेलसाहेब चर्चच्या मागे पोरांबरोबर हुतुतू खेळत होते. कोट काढून, पायजमा दुमडून, चांगले घामाघूम झालेले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना तेव्हाच पाहिलं. तेवढ्यात मावशी आली. "पाळकाचे पाय धरून वढता व्हय रं मेल्यांनो? तुमच्या बापानं शिकिवलं का?" पोरं पळाली. साहेब धूळ झटकत उभे राहिले. मावशीने कोट पुढे केला आणि त्यांनी तो मुकाट्याने घातला. त्यानंतर एकाही पोराची त्यांना खेळायला बोलावण्याची छाती झाली नाही.

मग एकदा माझ्याकडे येऊन ते म्हणाले, "गुरुजी, माझी मोठी पंचाईत झालीय. इतर कुणी मला बस म्हणत नाही आणि मावशी मला उठू देत नाहीत."

मी हसलो. ते हसले नाहीत.

तरी पण एका दिवशी मावशीने जे केलं ते दुसऱ्या कुणाच्या बापाला जमलं नसतं. पिंगळीच्या पुढच्या एका खेड्यात आमच्या लोकांची चार घरं होती, गावाच्या कडेला. मीही पेटी घेऊन गेलो होतो. मावशीने लिंबाखाली खुर्ची मांडली. तेवढ्यात गावातला एक धट्टाकट्टा माणूस बैल घेऊन चालला होता, तो थांबला.

"खुर्ची कुनासाठी मांडली?"

"पाळकसायबासाठी."

"ह्या गावात पाटलाच्या म्होरं तुमच्यातलं कुनी खुर्चीत बसत न्हाई. ठावं हाय न्हवं?"

"पाटील हाय कुठं हितं? का लिंबावर चढून बसलाय?"

आमच्या लोकांची तोंडं पांढरी पडली. शामुवेलसाहेब चटकन जमिनीवर बसायला वाकले. मावशीने त्यांचा दंड धरला आणि खुर्चीत बसवलं. मग त्या माणसाकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून, खुर्चीच्या पुढे उभी राहिली. तो माणूस बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. शेवटी बैलाला शिवी देऊन निघून गेला. मी पेटी वाजवली, पण भात्यापेक्षा माझीच छाती जास्त हलत होती. परतीच्या वाटेवर मला मावशीचा अभिमान वाटत होता. शामुवेलसाहेब मात्र मान खाली घालून आमच्या बरेच मागून चालत होते.

आणि मग आला तो हंगामाचा सण.

आमच्याकडे पीक घरात आलं की पहिला वाटा चर्चमध्ये आणतात. ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, भोपळे, कोंबड्या, सगळं वेदीपुढे ठेवून देवाचे उपकार मानायचे आणि मग एकत्र जेवण. त्या वर्षी बातमी आली की गोरा साहेब कायमचा मायदेशी चाललाय आणि निरोप घ्यायला आमच्याकडे येतोय. झालं! आमच्या पंचकमिटीच्या अंगात वारं शिरलं. कमिटीचे सेक्रेटरी येशूदास. त्यांच्या खिशाला कायम फाउंटन पेन असायचं आणि त्यात शाई कधीच नसायची. त्यांनी बेत ठरवला. कमान, हार, बँड, साहेबाला आसन. आणि पाळक? "पाळक दारात उभे राहून स्वागत करतील, आन पंगतीत पानी बघतील."

मी म्हणालो, "अहो, सण मंडळीचा, पाळक मंडळीचा, आणि त्याने पाणी वाढायचं?"

"घरचाच मानूस हाय की, गुरुजी. त्याला कशाचा मान लागतो?"

घरचा माणूस! माझ्या हातात तेव्हा पेटी होती म्हणून बरं, दुसरं काही असतं तर मी ते फेकलं असतं.

आता गंमत बघा. साहेबाला बसवायला साजेशी हातांची खुर्ची साऱ्या वस्तीत एकच होती. येशूदास तोंड गोड करून मावशीच्या दारात गेले. मावशीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "न्या खुशाल. पर बाजूला आमच्या पाळकाला बी खुर्ची पायजे. तसं करनार आसाल तर न्या." येशूदासांनी वधस्तंभाची शपथ घेऊन होय म्हटलं.

सणाच्या दिवशी मी पेटीपाशी बसून सगळं बघत होतो. साहेब आला. म्हातारा झाला होता, थकला होता. लोक उभे राहिले, कुणालाही मुळं फुटली नव्हती. साहेबाला खुर्चीत बसवलं, गळ्यात हार पडले. बाजूला दुसरी खुर्ची नव्हती. शामुवेलसाहेब हातात तांब्या घेऊन लोकांच्या हातांवर पाणी घालत होते. साहेब भला माणूस होता, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण आपल्या शेजारी कोण उभं आहे हे त्याला दिसायला हवं होतं. दिसलं नाही.

मावशी भोपळा घेऊन आत आली. तिने खुर्ची पाहिली, तांब्या पाहिला. भोपळा खाली ठेवला आणि सरळ साहेबापुढे जाऊन उभी राहिली.

"सायब, उठा."

बँडवाल्याचा सूर तोंडातच राहिला. येशूदासांचं पेन खाली पडलं. साहेबाने वर पाहिलं. त्याच्या लेकरांना ज्या बाईने न्हाऊमाखू घातलं होतं, तिचा तो आवाज. तो गडबडून उभा राहिला. मावशीने शामुवेलसाहेबांच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि म्हणाली, "बसा पाळकसायब."

ते बसले नाहीत. त्यांचा चेहरा काळवंडला होता. "मावशी, पुरे झालं," ते हळूच म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. तो चढू शकतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं. "पुरे झालं म्हणतो ना! तुमच्या खुर्चीपायी साऱ्या जिल्ह्यात माझं हसं झालंय. मी माणूस आहे, देव्हाऱ्यातली मूर्ती नाही!" आणि ते बाहेर निघून गेले.

मावशी तांब्या धरून तिथंच उभी राहिली. पाणी तिच्या लुगड्यावर सांडत होतं.

पुढे काय झालं ते सांगतो, आणि तुम्हीच ठरवा मला राग यावा की नाही. साहेब प्रसंग सावरायला म्हणून हसला आणि चटईवर मांडी घालून बसला. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं! "बगा, सायब जमिनीवर बसले! किती नम्र मानूस!" कितीतरी वर्षं आमच्या वस्तीत ही गोष्ट सांगितली जायची. शामुवेलसाहेब आले त्या दिवसापासून जमिनीवर बसत होते. त्यांच्या नम्रतेचं कौतुक करायला एकाचीही जीभ हलली नव्हती.

त्या आठवड्यात कळलं की पाळकांनी बदली मागितली आणि ती लगेच मिळालीही. येशूदास म्हणाले, "जाऊ द्या, दुसरा येईल." मी त्यांना जे उत्तर दिलं ते चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या माणसाला शोभणारं नव्हतं.

मावशीच्या घरातून आवाज येईना. चूलसुद्धा शिव्या न खाता पेटू लागली. रविवारी ती आली नाही. माझी बायको म्हणाली, जाऊन बघा, बाई खातेय की नाही. मी निघणार तेवढ्यात शामुवेलसाहेबच आले. दुसऱ्या दिवशीची गाडी होती. "मावशींना भेटायचंय," म्हणाले, "पण एकट्याने जायला धीर होत नाही. तुम्ही चला."

दिवस कलला होता. चुलीवर कालवण रटरटत होतं आणि मावशी सुपात ज्वारी निवडत बसली होती. पाळकांना पाहून ती उठली नाही. मान वरही केली नाही.

"बसा म्हनायला तोंड न्हाई मला," ती म्हणाली.

शामुवेलसाहेब तिच्यासमोर जमिनीवर बसले. मग मावशी सुपाशीच बोलल्यासारखी बोलू लागली. "आमचे मालक बी उपदेशक व्हते. ह्या मंडळीनं उन्हातान्हात खेडी हिंडवली त्येनला. दारात हुबं राहून वचन सांगायचे. कुनी सावलीत ये म्हनलं न्हाई. तापानं गेले तवा बी सायब लांब दौऱ्यावर, आन आपली मानसं मातीला आली ती तंबाकू मळत. मूल न्हाई, बाळ न्हाई. मला वाटलं, ह्या पोराचं तरी तसं हू नये. मी काय वंगाळ केलं?"

"नाही मावशी. मी तुमच्यावर ओरडायला नको होतं."

"वरडलाव ते बरं केलं."

शामुवेलसाहेब जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "मी इथं आल्यापासून सगळ्यांसाठी प्रार्थना केली. तापासाठी, लग्नासाठी, हरवलेल्या म्हशीसाठी. माझ्यासाठी कुणी केली नाही. जाण्याआधी तुम्ही कराल?"

मावशी दचकली. सगळ्या मंडळीला उभं करणारी बाई, पण चारचौघांत प्रार्थनेला तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. "मला न्हाई येत. पाळकानं करायची आसती ती," ती पुटपुटली. तोवर ते तिच्यापुढे गुडघे टेकून बसलेही होते. तिने हात पदराला पुसले आणि एक हात भीत भीत त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"देवबापा, मी राहेल. तुझ्याकडं कदी काय मागाया आले न्हाई. ह्या लेकरासाठी आले. लय शिकलेलं हाय, पर खायाचं ध्यान न्हाई. जितं जाईल तितं ऊन ऊन वाढनारं कुनी तरी दे. ताप आला तर उशाला बसनारं दे. आन घरी त्याची माय वाट बगत आसल, तिला..."

ती अडखळली. एक डोळा उघडून तिने विचारलं, "माय हाय न्हवं तुमची?"

"नाही मावशी. मी रांगत होतो तेव्हाच गेली."

मावशीने डोळा मिटला. मग तिचा नेहमीचा आवाज परत आला, भांडणाचा, भिंतीपलीकडे जाणारा.

"आयकलंस का? ह्याला माय न्हाई म्हनतोय! आन तू मला सांगितलं न्हाईस? इतकी वर्सं माझ्या डोळ्याम्होरं हिंडत व्हतं लेकरू! तुला तोंड न्हवतं सांगायला? मला ठावं आसतं तर मी..."

तिचे ओठ नुसते हलत राहिले. हात त्यांच्या डोक्यावर तसाच होता, आणि आता बोटं केसांतून फिरू लागली होती. प्रार्थनेच्या शेवटी आमेन म्हणतात, आणि आमेन म्हटलं की हात काढून घ्यावा लागतो. शामुवेलसाहेब मान खाली घालून वाट बघत होते, त्यांचे खांदे हलत होते. चुलीवरचं कालवण खाली लागल्याचा वास यायला लागला, तरी राहेलमावशी आमेन म्हणेना.